ग्रुपमधला ‘कॉल’ घ्यावा का? इंट्राडे करणाऱ्यांनी आधी काय तपासावं

‘टेलिग्राम ग्रुपचे कॉल बरोबर येतात, मग माझाच तोटा का होतो?’ ‘पेड ग्रुप घेतला तर फरक पडेल का?’ ‘मित्राने एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलंय, तिथले ॲडमिन खरे आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं?’ इंट्राडे ट्रेडिंग करणारे वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणारे बहुतेक जण नोकरी किंवा दुकान सांभाळून मोबाइलवर बाजार पाहणारे असतात. स्वतः अभ्यास करायला वेळ नाही आणि संधी सोडवत नाही, त्यामुळे ते ग्रुपकडे वळतात.

सगळेच ग्रुप फसवे नसतात. काही ठिकाणी जाणती माणसं मनापासून मदत करतात. पण ग्रुपमध्ये ‘कॉल बरोबर आला’ म्हणून तुमच्या खात्यात पैसे येतीलच असं नाही. कॉल देणाऱ्याच्या हातून निघाल्यापासून तुमची ऑर्डर लागेपर्यंत त्यात काय उरतं, हे मोजता आलं तर वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

आधी हे तीन आकडे लक्षात ठेवा

- सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० वैयक्तिक ट्रेडरपैकी ७ जण तोट्यात होते.
- वर्षाला ५०० पेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांमध्ये तोट्यात असलेल्यांचं प्रमाण ८० टक्के होतं. म्हणजे कॉल जास्त मिळाले आणि ट्रेड जास्त झाले की निकाल सुधारतो, असं दिसलेलं नाही.
- तोट्यात असलेल्यांनी ट्रेडिंगमधल्या तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम ब्रोकरेज, कर आणि इतर शुल्कांत घालवली.

फ्युचर्स-ऑप्शन्सचं चित्र याहून वाईट आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. ग्रुपमध्ये रोज सगळे नफ्यात दिसत असतील, तर तोट्यातले लोक गप्प बसले आहेत किंवा त्यांना काढून टाकलं आहे, असं समजा.

पायरी १: बोलणारा कोण आहे ते ठरवा

ग्रुपमध्ये सल्ला देणारे साधारण चार प्रकारचे असतात. प्रत्येकाशी वेगळं वागावं लागतं.

1. तुमच्यासारखाच ट्रेडर. स्वतः काय घेतलं ते सांगतो, पैसे मागत नाही. हेतू चांगला असू शकतो. पण त्याचं भांडवल, त्याची तोटा सोसायची तयारी आणि त्याचा स्क्रीनसमोरचा वेळ तुमच्यापेक्षा वेगळा असतो.
2. नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्ट किंवा इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर. सेबीच्या नियमांनी बांधलेला असतो. सल्ला चुकू शकतो, पण दाद मागायला जागा असते.
3. ‘मी फक्त शिकवतो’ म्हणणारा. कोर्सची फी घेतो आणि सोबत ‘लाइव्ह मार्केट सराव’ देतो.
4. ज्याचा नफा तुमच्या खरेदीवर अवलंबून आहे असा. स्वतः आधी घेऊन ठेवलेला शेअर तुमच्या गळ्यात मारणारा, ब्रोकरकडून कमिशन घेणारा किंवा सरळ बनावट ॲपमध्ये पैसे भरायला लावणारा.

तिसऱ्या प्रकारात लोक सर्वांत जास्त गोंधळतात. शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही. पण शिकवता शिकवता ‘हा शेअर या भावाला घ्या’ असं सांगितलं की तो सल्ला होतो आणि त्याला नोंदणी लागते. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने सांगितलं, की केवळ शिक्षण देणाऱ्यांनी एखाद्या शेअरबद्दल बोलताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्मिता पटेल ग्लोबल स्कूल ऑफ ट्रेडिंग आणि डिसेंबर २०२५ मध्ये अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमी यांच्याविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिल्याचा मुद्दा दोन्हीकडे होता. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पण आपल्या शहरातल्या क्लासची फी भरण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यातून कळतं.

पायरी २: कॉल तुमच्यापर्यंत येताना किती झिजतो ते पाहा

समजा, सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी ग्रुपमध्ये मेसेज आला: ‘अमुक शेअर बाय ४१२, एसएल ४०६, टार्गेट ४२०, ४२८, ४४०.’

कागदावर हा व्यवहार बरा दिसतो. तोटा झाला तर शेअरमागे ६ रुपये, पहिल्या टार्गेटला नफा ८ रुपये. अशा कॉलमध्ये १०० पैकी साधारण ४३ बरोबर आले तरी मुद्दल सुटतं.

आता तुमच्या मोबाइलवर काय होतं ते बघा. नोटिफिकेशन आलं, तुम्ही ग्रुप उघडला, ब्रोकरचं ॲप उघडलं, संख्या टाकली. तेवढ्यात ग्रुपमधल्या शेकडो लोकांनी तेच केलं आणि भाव ४१५ झाला. तुम्हाला ४१५ ला मिळाला. स्टॉपलॉस आणि टार्गेट मात्र तेच राहिले. आता तोटा झाला तर ९ रुपये आणि पहिल्या टार्गेटला नफा ५ रुपये. मुद्दल सुटायला १०० पैकी ६४ पेक्षा जास्त कॉल बरोबर यावे लागतील. भाव ४२० ला टेकला की ॲडमिन ‘टार्गेट १ डन’ असं लिहून फटाक्यांचे इमोजी टाकेल आणि ते खोटं नसेल. त्याच्या हिशेबात तो कॉल ८ रुपयांचा आहे, तुमच्या हिशेबात ५ रुपयांचा.

यात खर्च मिळवा. १ लाख रुपयांची खरेदी आणि तितकीच विक्री धरली, तर दोन्ही बाजूंचं प्रत्येकी २० रुपये ब्रोकरेज, विक्रीवरचा ०.०२५ टक्के एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, एक्सचेंजचं शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे ८० रुपये जातात. ४१२ च्या भावाला १ लाखात साधारण २४० शेअर येतात. म्हणजे शेअरमागे ३३ पैसे, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

महिन्यात असे ४० कॉल आले आणि २४ बरोबर आले, तर ग्रुपच्या जाहिरातीत ‘६० टक्के ॲक्युरसी’ असेल. तुमचा हिशेब असा:

- २४ वेळा ५ रुपये नफा: १२० रुपये
- १६ वेळा ९ रुपये तोटा: १४४ रुपये
- ४० व्यवहारांचा खर्च: सुमारे १३ रुपये
- निव्वळ: शेअरमागे सुमारे ३७ रुपये तोटा, २४० शेअर्सवर जवळपास ९ हजार रुपये

कोणी फसवलं नाही, कोणी खोटं बोललं नाही, तरी पैसे गेले. ‘कॉल बरोबर येतात, मग माझाच तोटा का’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

काय कराल?

- मेसेजमधल्या भावापेक्षा बाजारभाव किती वर गेला तर कॉल सोडायचा, हे आधीच ठरवून ठेवा. वरच्या उदाहरणात १ रुपयापेक्षा जास्त फरक पडला की सोडलेला बरा.
- मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर टाका. ऑर्डर लागली नाही तर हातचं काही जात नाही.
- शेअर किती घ्यायचे हे तोट्यावरून ठरवा. एका ट्रेडमध्ये १,००० रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नसतील आणि स्टॉपलॉस ९ रुपये दूर असेल, तर १११ पेक्षा जास्त शेअर घेऊ नका. ब्रोकर पाचपट लिव्हरेज देतो म्हणून संख्या वाढवू नका.
- ‘एसएल हिट झाला तरी होल्ड करा, ॲव्हरेज करा’ असा दुसरा मेसेज आला तर पहिला कॉल तिथेच संपला असं धरा. इंट्राडेचा शेअर डिलिव्हरीत ओढून नेल्याने तोटा लपतो, कमी होत नाही.

पायरी ३: सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे ते विचारा

‘याला पैसे कुठून मिळतात?’ हा प्रश्न प्रत्येक सल्ल्याआधी स्वतःला विचारा.

जानेवारी २०२२ मध्ये सेबीने ‘बुल रन २०१७’ या टेलिग्राम चॅनेलच्या प्रकरणात अंतरिम आदेश काढला. चॅनेल चालवणाऱ्यांशी संबंधित लोकांनी आधी कमी उलाढालीचे शेअर घेतले, मग चॅनेलवर ते घ्यायला सांगितले आणि सदस्यांच्या खरेदीने भाव चढल्यावर विकून टाकले, असा त्यातला निष्कर्ष होता. २.८४ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश निघाला. मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत यूट्यूबवर खोटी माहिती देणारे व्हिडिओ टाकून भाव चढवल्याच्या प्रकरणात सेबीने ३१ जणांवर कारवाई केली आणि ४१.८५ कोटी रुपये जप्त करायला सांगितलं.

दोन्हीकडे व्हिडिओ पाहून किंवा मेसेज वाचून घेणारे सामान्य लोक विकणाऱ्यांचे गिऱ्हाईक ठरले. म्हणून या गोष्टी तपासा:

- शेअरची उलाढाल. दिवसाला मोजकेच शेअर हातबदल होणारा, कधी न ऐकलेला शेअर अचानक सगळ्या ग्रुपमध्ये फिरू लागला, तर लांब राहा.
- सर्किट फिल्टर. २ किंवा ५ टक्क्यांचं सर्किट असलेल्या शेअरला लोअर सर्किट लागलं की तुम्हाला विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. इंट्राडेत आधी विकलेल्या शेअरला अप्पर सर्किट लागलं तर परत घेता येत नाही आणि ऑक्शनचा भुर्दंड बसतो.
- ट्रेड-टू-ट्रेड गट. या गटातल्या शेअरमध्ये इंट्राडे करताच येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. असा शेअर कोणी ‘इंट्राडे कॉल’ म्हणून दिला, तर त्याला बाजाराचे प्राथमिक नियमही ठाऊक नाहीत किंवा त्याचा हेतू वेगळा आहे.
- बातमी. ‘मोठी ऑर्डर मिळाली’, ‘कंपनी विकत घेतली जाणार’ असा मेसेज आला की एनएसई किंवा बीएसईच्या वेबसाइटवर त्या कंपनीच्या घोषणा उघडून पाहा. तिथे काही नसेल तर बातमी एकतर खोटी आहे किंवा अधिकृतपणे जाहीर झालेली नाही. दोन्ही बाबतीत त्यावर ट्रेड करणं तुमच्या अंगाशी येऊ शकतं.
- खातं उघडायची लिंक. ‘माझ्या लिंकवरून डिमॅट उघडा, ग्रुप फ्री’ म्हणणाऱ्याचा फायदा तुमच्या ट्रेडच्या संख्येत असू शकतो. तो रोज आठ-दहा कॉल का देतो, हे मग कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ४: नफ्याचे स्क्रीनशॉट सावधपणे वाचा

‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोहम्मद नसीरुद्दीन अन्सारी यांच्याबद्दल सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आदेश प्रत्येक नवख्या ट्रेडरने वाचावा असा आहे. लोकांना नफ्याचे आकडे दाखवले जात होते. सेबीने तपासलेल्या जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात मात्र त्यांच्या खात्यात ट्रेडिंगचा निव्वळ तोटा २.८९ कोटी रुपये निघाला. कमाई येत होती ती शिकवण्यांच्या फीमधून. सेबीने त्यातले १७.२ कोटी रुपये जमा करायला सांगितले.

स्क्रीनशॉट दिसला की हे आठवा:

- नफ्याचं एक खातं दाखवून तोट्याचं दुसरं खातं झाकता येतं.
- हुबेहूब ब्रोकरच्या ॲपसारखा दिसणारा खोटा नफा-तोटा तयार करणं आज अवघड नाही.
- एका दिवसाचा नफा दाखवणाऱ्याकडे पूर्ण आर्थिक वर्षाचं टॅक्स पी अँड एल स्टेटमेंट मागा. उत्तर काय येतं, यावरून बरंच कळेल.
- चुकलेले मेसेज पुसता किंवा बदलता येतात. म्हणून जुना इतिहास चाळून ग्रुपची परीक्षा होत नाही.

एक जुनी चलाखीही समजून घ्या. ८०० जणांची यादी घ्यायची. ४०० जणांना ‘बँक निफ्टी वर जाईल’ आणि ४०० जणांना ‘खाली जाईल’ असा मेसेज पाठवायचा. ज्यांना बरोबर मेसेज गेला त्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. तीन दिवसांनी १०० जण असे उरतात, ज्यांना सलग तीन वेळा अचूक अंदाज मिळालेला असतो. चौथ्या दिवशी त्यांनाच ‘प्रीमियम ग्रुप’चं आमंत्रण जातं. ते फी भरतात आणि भरताना त्यांच्याकडे स्वतः पाहिलेला पुरावा असतो. तीन फुकटचे कॉल बरोबर आले म्हणून काहीच सिद्ध होत नाही, ते यामुळे.

पायरी ५: पैसे लावण्याआधी महिनाभर वहीत ट्रेड करा

कोणत्याही ग्रुपचा कस पाहायचा असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. बाजाराचे २० दिवस एकही रुपया न लावता, आलेल्या प्रत्येक कॉलसाठी वहीत किंवा एक्सेलमध्ये एक ओळ लिहा:

1. मेसेज आल्याची वेळ आणि त्यातला भाव
2. तुम्ही मेसेज प्रत्यक्ष वाचला ती वेळ आणि तेव्हाचा बाजारभाव (हीच तुमची खरी एन्ट्री)
3. स्टॉपलॉस आणि पहिलं टार्गेट
4. दोन्हींपैकी आधी काय लागलं. काहीच लागलं नसेल तर दुपारी ३ वाजून १५ मिनिटांचा भाव
5. खर्च वजा जाता शेअरमागे नफा किंवा तोटा
6. मेसेज नंतर बदलला किंवा पुसला गेला का

दोन नियम कटाक्षाने पाळा. एकही कॉल गाळू नका, कारण तुम्हाला ‘हा तर मी घेतलाच नसता’ असं वाटणारे कॉल नेमके तोट्याचे असतात. आणि कामाच्या गडबडीत उशिरा पाहिलेला कॉल उशिराच्या भावानेच लिहा. दुकानात गिऱ्हाईक असताना किंवा मीटिंगमध्ये बसलेले असताना तुम्ही उद्याही उशिराच पाहणार आहात.

महिन्याच्या शेवटी सहाव्या रकान्यात दोन-तीन खुणा असतील तर पुढचा हिशेब करायचीही गरज नाही, ग्रुप सोडा. बेरीज तोट्यात असेल तरी सोडा. बेरीज नफ्यात असेल तर आणखी एक महिना पाहा आणि मग अगदी छोट्या संख्येने सुरुवात करा. बाजार एकाच दिशेला धावत असताना बहुतेक सगळेच हुशार दिसतात, म्हणून दुसरा महिना लागतो.

मंगळवारी निफ्टीच्या आणि गुरुवारी सेन्सेक्सच्या साप्ताहिक एक्स्पायरीला फिरणारे ‘हिरो-झिरो’ कॉल वहीत वेगळे लिहा. एखाद्या दिवशी दहापट झालेला ऑप्शन सगळ्यांच्या लक्षात राहतो. शून्यावर गेलेले फक्त वहीतच दिसतात.

मग ग्रुपचा उपयोग काहीच नाही का?

आहे, पण एन्ट्रीच्या भावासाठी क्वचितच. पुढच्या गोष्टींसाठी चांगला ग्रुप खरोखर कामाला येतो:

- ब्रोकरचं ॲप बंद पडलं, ऑर्डर अडकली, मार्जिनचा नियम बदलला, अशी माहिती पटकन मिळते.
- स्टॉपलॉस ऑर्डर कशी टाकावी, ऑक्शन म्हणजे काय, असे प्रश्न न लाजता विचारता येतात.
- कराबद्दलच्या चुका टळतात. इंट्राडेचा नफा-तोटा हा सट्ट्याच्या व्यवसायातलं उत्पन्न मानला जातो. त्यातला तोटा फक्त अशाच उत्पन्नातून वजा होतो आणि पुढची चार वर्षंच ओढता येतो. रिटर्न मुदतीत भरला नाही तर तोही हक्क जातो. ग्रुपमध्ये ऐकलेलं असलं तरी सीएकडून खातरजमा करून घ्या.
- जाणता ट्रेडर कॉल का घेतला, कुठे चुकला हे सांगत असेल, तर ते निव्वळ भाव सांगण्यापेक्षा पुष्कळ मोलाचं असतं.

ग्रुपची परीक्षा एका प्रश्नाने होते. विचारून पाहा: ‘सर, हा कॉल कोणत्या कारणाने आहे आणि कुठे चुकला असं समजायचं?’ उत्तर देणारा माणूस कामाचा आहे. ‘विश्वास नसेल तर ग्रुप सोडा’ असं उत्तर आलं, तर तो सल्ला तरी नक्की माना.

पैसे देऊन सल्ला घ्यायचा असेल तर

*आधी तपासा:*

- रिसर्च ॲनालिस्टचा नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ने आणि इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचा ‘आयएनए’ने सुरू होतो. ‘आयएनझेड’ हा ब्रोकरचा क्रमांक आहे.
- क्रमांक नुसता पाहू नका. सेबीच्या वेबसाइटवरच्या यादीत तो टाकून नाव, पत्ता आणि ईमेल जुळतात का ते बघा. दुसऱ्याचा खरा क्रमांक आपल्या चॅनेलवर लावणारे भामटे बरेच आहेत.
- नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नाही. सेबीने त्याचे कॉल तपासून शिक्का मारला, असा तिचा अर्थ होत नाही.

*तुमचे हक्क:*

- वैयक्तिक ग्राहकाकडून रिसर्च ॲनालिस्ट एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपयांपेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही.
- फी रोखीने घेता येत नाही. चेक, बँक ट्रान्सफर किंवा यूपीआयनेच द्या आणि खातं नोंदणीच्या नावावरच आहे ना, ते पाहा.
- सेवा मध्येच थांबवली तर उरलेल्या काळाची फी परत मागता येते.
- तो परताव्याची हमी देऊ शकत नाही, तुमच्या वतीने ऑर्डर टाकू शकत नाही आणि लॉगिन, पासवर्ड किंवा ओटीपी मागू शकत नाही.
- शिफारस केलेल्या शेअरमध्ये त्याचे हितसंबंध असतील तर ते उघड करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

फीचं गणितही करा. भांडवल ५० हजार रुपये आणि ग्रुपची फी महिना ३ हजार असेल, तर फी वसूल व्हायलाच दरमहा ६ टक्के कमवावे लागतात. एवढ्या भांडवलावर कोणताही पेड ग्रुप घेऊ नका.

ही लक्षणं दिसली की त्याच क्षणी बाहेर पडा

- ‘अकाउंट हँडलिंग, प्रॉफिट ५०-५०’. नफ्यात तो वाटेकरी, तोटा मात्र एकट्या तुमचा.
- तुम्हाला न विचारता ग्रुपमध्ये जोडलं गेलं आणि तिथे सगळे ‘थँक यू सर’ म्हणत आहेत.
- प्ले स्टोअरबाहेरची फाइल पाठवून ‘इन्स्टिट्यूशनल’ किंवा ‘व्हीआयपी’ ट्रेडिंग ॲप घ्यायला सांगितलं.
- पैसे एखाद्या व्यक्तीच्या किंवा दर वेळी वेगळ्या खात्यात भरायला सांगितले.
- नफा काढायला गेलात तर ‘आधी टॅक्स भरा’ असं उत्तर आलं. खऱ्या ब्रोकरकडे असा प्रकार नसतो.

ब्रोकरला यूपीआयने पैसे भरताना आयडीत ‘@’ या चिन्हानंतर लगेच ‘valid’ (व्हॅलिड) हा शब्द आहे का, ते पाहा. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने ही सोय सुरू केली आहे. ‘सेबी चेक’ या सुविधेत यूपीआय आयडी किंवा खातं खरं आहे का, तेही तपासता येतं.

फसवणूक झाली तर

1. लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आपल्या बँकेलाही तेव्हाच कळवा.
2. ग्रुप सोडण्याआधी पुरावे जपा. चॅट एक्स्पोर्ट करा. मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, व्यवहारांचे यूटीआर क्रमांक आणि ॲपच्या स्क्रीनचे फोटो ठेवा. रागाच्या भरात ग्रुप डिलीट केला की निम्मा पुरावा जातो.
3. ब्रोकर किंवा नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे लेखी करा, मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. तिथे त्यांना २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करा. समाधान झालं नाही तर स्मार्ट ओडीआरवर ऑनलाइन लवादाचा मार्ग आहे.
4. नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध मुख्य मार्ग पोलिसांचा आहे. सोबत सेबीलाही कळवा. माहितीसाठी सेबीची मोफत हेल्पलाइन: १८०० २६६ ७५७५.
5. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक आहे. त्यासाठी आगाऊ फी देऊ नका.

हे सगळं फसवणुकीसाठी आहे. खुल्या बाजारात स्वतः ऑर्डर टाकून झालेला तोटा, कॉल चुकला एवढ्या कारणावरून परत मिळत नाही.

तुम्ही स्वतः कॉल देत असाल किंवा पुढे पाठवत असाल तर

मित्रांच्या ग्रुपमध्ये तुमचे दोन-चार अंदाज बरोबर आले की कोणीतरी म्हणतंच, ‘दादा, पेड ग्रुप सुरू करा.’ नोंदणी न करता मोबदला घेऊन शेअर खरेदी-विक्रीचा सल्ला देणं नियमबाह्य आहे, मग ग्रुप ५० जणांचा का असेना. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून कळलेले निकाल किंवा सौदे जाहीर होण्यापूर्वी कोणाला पाठवणं आणि त्यावर ट्रेड करणं, हे अंतर्गत माहितीच्या नियमांत अडकवू शकतं. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ ही पळवाट मानू नका.

आजपासून काय कराल

- आज: ज्या ग्रुपमध्ये आहात त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर चालवणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याला पैसे कुठून मिळतात ते लिहा. तिन्ही रकाने कोरे असलेले ग्रुप आजच सोडा.
- या आठवड्यात: उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त दोन ठेवा आणि वही सुरू करा. बाजाराच्या वेळेत ग्रुपची नोटिफिकेशन बंद ठेवून एकदा बघा. न आलेल्या कॉलमुळे तुमचं किती नुकसान झालं, तेही त्याच वहीत लिहा.
- महिन्याने: कोणी किती कमावलं, याच्या गप्पा कितीही चालोत, निर्णय वहीतल्या बेरजेवर घ्या. बेरीज तोट्यात असेल तर ग्रुप बदलून बघायचा मोह होईल. त्याआधी गेल्या वर्षीचं स्वतःचं टॅक्स पी अँड एल काढून इंट्राडे थांबवलं असतं तर किती वाचलं असतं, तो आकडा त्याच पानावर लिहा आणि मगच पुढचा ग्रुप शोधा.